गाणे संपताच

आमच्या पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर नियमांची निळी पाटी आहे. धावू नये, कोणाला ढकलू नये, अंगाला तेल लावून पाण्यात उतरू नये, असे सगळीकडे असतात तेच नियम. शेवटचा मात्र खास आमच्याकडचा: 'गाणे संपताच पाण्याबाहेर यावे.' संध्याकाळची वेळ संपत आली की कार्यालयातून एक टेप लावली जाई. कोणीतरी कधीतरी गिटारवर वाजवलेली साधी, गुणगुणता येईल अशी धून. तिला शब्द नव्हते, तरी सगळे तिला गाणंच म्हणत. ते संपलं की लोक मुकाट्याने शिड्या चढून बाहेर येत आणि माझं काम सुरू होई.

मी तिथे पाणी तपासते. नळाच्या तोंडापासून दूर जायचं, कोपर बुडेपर्यंत हात घालून बाटली भरायची, गोळी विरघळवायची, गुलाबी रंग किती गडद होतो ते पाहायचं आणि त्याप्रमाणे क्लोरीन घालायचा. पाण्यात माणसं असताना तो डोस घालता येत नाही. त्यामुळे माझा त्या गाण्याशी संबंध एवढाच, की ते संपलं पाहिजे.

माझा धाकटा दीर त्याच तलावावर जीवरक्षक आहे. ही नोकरी त्याला मीच सुचवली होती. त्याच्या गळ्यात सतत शिट्टी असते म्हणून तिथे त्याला सगळे शिट्टीच म्हणतात, आणि आता घरातही त्याचं नाव तेच पडलंय. प्रत्यक्षात तो ती कधी वाजवत नाही. शिट्टी वाजली म्हणजे कोणीतरी बुडतंय, असा नियम आहे. एकदा त्याच्याकडून ती चुकून वाजली, तर रोज पोहायला येणारे निवृत्त न्यायाधीश कोणाला तरी वाचवायला म्हणून बुडी मारून तळाशी गेले, आणि शेवटी त्यांनाच वर काढावं लागलं.

शिट्टीचं लग्न झालेलं नाही. तो आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतो आणि पाण्याकडे बघण्याची वेळ सोडली तर उरलेला सगळा वेळ जॅझ गिटार वाजवतो. जॅझ म्हणजे काय, हे त्याने मला भांडी घासता घासता समजावलं आहे. साध्या गाण्यात तीन-चार कॉर्ड असतात. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. त्यातली एक घराची. गाणं तिथून निघतं, फिरून येतं आणि शेवटी तिथेच येऊन टेकतं. टेकण्याच्या आधी जी कॉर्ड लागते ती आपल्याला घराकडे ढकलते. आमच्या तलावाच्या गाण्यात ती ढकलणारी कॉर्ड 'जी-सेव्हन' होती आणि घर होतं 'सी'.

आता जॅझवाले काय करतात, तर त्या जीला रजा देतात आणि तिच्या जागी भलतीच कॉर्ड आणून बसवतात. मी विचारलं, लोकांना कळत नाही का? तो म्हणाला, नाही, कारण जीच्या पोटात दोन सूर असतात, बी आणि एफ, आणि खरं ढकलण्याचं काम तेच दोघं करतात. नेमके तेच दोन सूर पार लांबच्या 'डी-फ्लॅट-सेव्हन'च्याही पोटात असतात. एरवी या दोन कॉर्डचा एकमेकींशी काही संबंध नाही. एका गावाच्या नाहीत, एका वळणाच्या नाहीत. पण ते दोन सूर समान, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालून जाते.

मी बाहेरच्या खोलीत पाहिलं. माझा नवरा सोफ्याच्या एका टोकाला बसला होता आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दुसऱ्या टोकाला. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि फारसा बोलत नाही. दाजी खोदकामाची यंत्रं भाड्याने देतात आणि खोदकामाच्या यंत्रांखेरीज कशाबद्दल बोलत नाहीत. एका घरातल्या दोन बहिणी नसत्या तर ही दोन माणसं आयुष्यात एका सोफ्यावर बसली नसती.

"म्हणजे साडू," मी म्हटलं.

शिट्टीने हातातलं भांडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या प्रकाराचं नाव साडू पडलं. इथे साडू पाठव, तिथे साडू बसव, असं तो स्वतःशी पुटपुटत वाजवायचा. नववा, अकरावा, तेरावा असे नेहमीच्या कॉर्डच्या वर रचायचे सूर असतात, त्यांना आम्ही माळ्यावरचे सूर म्हणू लागलो. आणि कॉर्डचा जो मूळ सूर, ज्याच्यावरून तिचं नाव पडतं, तो घरमालक. शिट्टी घरमालकाला कधीच वाजवत नसे. ते काम बेसवाल्याचं, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्याचं, आपण कशाला त्याच्या पायात पाय घालायचा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सी कॉर्ड वाजवायची आणि तिच्यात सी नसायचा. मग ती सी कशी, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, मिठाच्या पाण्यात मीठ दाखवता येतं का?" सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की येतं, असं मी सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

अडचण अशी होती की शिट्टीच्या आसपास बेसवाला नव्हता. तो एकटाच वाजवायचा. माळा सामानाने खच्चून भरलेला, घरमालक बेपत्ता आणि खाली साडूच साडू.

शिट्टीला हवा असलेला बेसवाला तलावासमोरच्या चष्म्याच्या दुकानात बसायचा. हे चष्मेवाले दिवसभर लोकांचे डोळे तपासत, संध्याकाळी पाठीच्या दुखण्यासाठी आमच्याकडे पोहत, आणि शनिवारी नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात आपल्या उंचीचा बेस उभा धरून वाजवत. त्यांच्या चौघांच्या बँडमधला गिटारवाला प्रवासी जहाजावर वाजवायला निघून गेला होता. त्याची खुर्ची रिकामी होती. शिट्टीला ती खुर्ची हवी होती. तो तिशीला आला तरी याहून वेगळं काही मागताना मी त्याला पाहिलेलं नाही.

तो दुकानात जाऊन वाजवून आला. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं, चष्म्याची काच पुसली आणि सांगितलं की तुझ्याकडे सामान खूप आहे, पण ऐकणाऱ्याने बसायचं कुठे? ज्या दिवशी तुझं वाजवणं ऐकून लोक जागचे हलणार नाहीत, त्या दिवशी मला सांग. आणखी दोघं जण येऊन वाजवून गेलेत, येत्या शनिवारपर्यंत मला कोणाला तरी हो म्हणायचंय.

त्याच आठवड्यात तलावाची टेप यंत्रात अडकून तुटली. व्यवस्थापकसाहेबांनी तिचा गुंता हातात धरून शिट्टीला बोलावलं आणि विचारलं, तुला गिटार येते ना? मग हेच वाजवून आण. सगळ्या घोटाळ्याची सुरुवात 'हेच' या शब्दापासून झाली. शिट्टीने मान डोलावली. त्याच्या मते तो हेच वाजवणार होता.

त्याने आमच्या न्हाणीघरात बसून ते वाजवलं, कारण तिथे आवाज घुमतो. पहिल्या प्रयत्नात एकच साडू होता. मग त्याला वाटलं, एकटा साडू उघडा पडतो, त्याच्या आधी एखादी पाहुणी कॉर्ड हवी. मग पाहुणीच्या आधी दुसरी पाहुणी. माझ्या नवऱ्याला आंघोळीला जायचं होतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा राहिला आणि शेवटी आंघोळ न करताच शाळेत गेला. टेप तयार झाली तेव्हा तिच्यात जुन्या गाण्याची फक्त चाल उरली होती. खालून एकूण एक कॉर्ड बदललेली. आणि शेवटी घर म्हणून जी सी आली होती तिच्यात सी नव्हता, ई, ए, बी आणि डी एवढेच होते. कोणी घराचा पत्ता सांगावा आणि गेल्यावर फक्त माळा सापडावा, तसं.

पहिल्या संध्याकाळी ती टेप लागली तेव्हा मी पंपाच्या खोलीच्या दारात बाटली घेऊन उभी होते. नेहमीप्रमाणे पहिल्या सुरांबरोबर लोक शिड्यांकडे सरकले. जुन्या गाण्यात जिथे जी यायची, तिथे बहुतेकांचा एक पाय सवयीने पहिल्या पायरीवर जात असे. तो गेला. मग साडू आला. पाय पायरीवर तसाच राहिला. साडूमागून पाहुणी आली तसे काही जण दोन पायऱ्या चढले. मग गाणं अनपेक्षितपणे दुसरीकडे वळलं आणि ते खाली उतरले. चारही शिड्यांवर माणसं चढत होती, उतरत होती, आणि ती काय करतायत हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. मधल्या शिडीवर एक शिंपी गुडघ्यापर्यंत बाहेर आला, पुन्हा गळ्यापर्यंत आत गेला, आणि हे त्याने इतक्यांदा केलं की त्याला पोहल्याहून जास्त दम लागला.

टेप संपली. कोणी बाहेर आलं नाही.

शिट्टी त्याच्या उंच खुर्चीवरून उतरला आणि लोकांना म्हणाला, चला, वेळ झाली. सगळे म्हणाले, हो हो, आलोच, गाणं संपू दे. त्याने सांगितलं की गाणं संपलं. यावर पाठीवर तरंगत असलेल्या न्यायाधीशांनी, डोळे न उघडता, निकाल दिला.

"पाटीवर 'टेप संपताच' असं लिहिलेलं नाही. 'गाणे संपताच' असं लिहिलंय. आणि हे गाणं संपलेलं नाही, हे इथल्या प्रत्येकाला कळतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाण्यात इतक्या माणसांनी एकदम मान डोलावली की लाटा उठतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मीही प्रयत्न केला. त्यांना सांगितलं की तलावाला येणारा उग्र वास क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आणि माणसांचा घाम एकत्र आले की जे तयार होतं त्याचा तो वास. म्हणजे तुम्ही जितके जास्त वेळ थांबाल तितका वास वाढेल, आणि तो तुमचाच असेल. हे ऐकून ते एकमेकांपासून थोडे दूर सरकले. बाहेर मात्र कोणीच आलं नाही. पुष्कळ वेळाने भूक लागली तसे एकेक करून गेले, आणि चेहरे असे की जणू अर्ध्या जेवणावरून उठवलंय. मी डोस घातला तेव्हा नेहमीची बस कधीच निघून गेली होती.

घरी आल्यावर मी चिडून बोलणार होते. पण शिट्टी स्वयंपाकघरात गिटार मांडीवर घेऊन नुसता बसला होता, वाजवतही नव्हता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "लोक जागचे हलले नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चष्मेवालेही पाण्यातच होते.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दुकानात गेला. चष्मेवाल्यांनी कबूल केलं की ते हलले नाहीत. पण वाट चुकलेला माणूसही जागचा हलत नाही, असंही ते म्हणाले, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. शिट्टी तोंड पाडून तलावावर आला. मी पंपाच्या खोलीत होते. तो दारातूनच मला सांगू लागला, की मी जीच्या जागी साडूला बसवलं, घरमालकाला तर बोलावलंच नाही, कोणाला पत्ता लागला नाही, आता याहून काय करायचं? पंपाच्या खोलीची खिडकी व्यवस्थापकांच्या खोलीच्या खिडकीखाली आहे.

साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. ते नियमांचे पक्के. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तू ड्युटीवर साडूला बसवतोस?"

"ड्युटीवर नाही साहेब, जीच्या जागी."

"कोण ही जी?"

शिट्टी म्हणाला की ती नेहमीची आहे, पण जरा कंटाळवाणी झाली होती म्हणून तिला रजा दिली. साहेबांनी हजेरीचा कागद ओढून घेतला आणि रजेचा अर्ज शोधू लागले. मी मध्ये पडून सांगायला गेले की हा साडू म्हणजे नात्यातला साडू नव्हे. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही पाण्याचं बघा. मग त्यांनी शिट्टीला साडूचं पूर्ण नाव विचारलं. शिट्टीने डी-फ्लॅट-सेव्हन असं खरं तेच सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि फ्लॅटचा पत्ता अर्धवट आहे, इमारत कुठली, असं विचारलं.

"साहेब," शिट्टी शेवटी म्हणाला, "माझं लग्नच झालेलं नाही. मी साडू आणू कुठून?"

साहेबांनी लिहिलेलं नाव खोडलं. मग मी त्यांना माझा नवरा, दाजी, सोफा आणि दोन बहिणी हे सगळं शांतपणे समजावलं. ते समजल्यावर त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला. त्यांना स्वतःला एक साडू होता. तो जेवायला आला की उठायचं नाव घेत नसे. "आता कळलं," ते म्हणाले, "साडू आणलास, मग लोक जातील कसे?"

त्यांनी निर्णय दिला. शुक्रवारी तलाव समितीच्या अध्यक्षबाई पाहणीला येणार होत्या. त्या दिवशी टेपच्या भरवशावर राहायचं नाही, शिट्टीने सगळ्यांसमोर बसून वाजवायचं आणि सरळ वाजवायचं. गाणं संपताच पाणी रिकामं दिसलं नाही तर सोमवारपासून त्या उंच खुर्चीवर दुसरा माणूस बसेल.

शिट्टीने सरळ वाजवायचा सराव केला, हे मी स्वतः ऐकलंय. सी, मग एफ, मग जी. जी वाजवताना तो तोंड वाकडं करत असे. आणि जीवरून सीवर यायच्या क्षणी त्याचा हात आपोआप वर सरकून साडूवर जाई, आणि सी आली तरी घरमालकाशिवायच. मी म्हटलं, अरे, एकदा वाजव ना नुसती सी, लहान मुलांना शिकवतात तशी. तो म्हणाला, "वहिनी, प्रयत्न करतोय. हात ऐकत नाही." माझा नवरा भूगोलाचे पेपर तपासत होता. त्याने मान वर न करता सुचवलं की हातावर ओला टॉवेल बांधावा. त्या आठवड्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

शुक्रवारी अध्यक्षबाई आल्या. हातात मोठी पर्स, पायात तलावाने दिलेल्या रबरी चपला, दोन्ही डाव्या पायाच्या. साहेब त्यांच्या मागे मागे. चष्मेवाले उथळ बाजूला छातीभर पाण्यात उभे होते. शनिवार दुसऱ्या दिवशी होता आणि त्यांनी अजून कोणालाच हो म्हटलं नव्हतं. शिट्टी उंच खुर्चीवर चढला, त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि गिटार मांडीवर घेतली.

सुरुवात सरळ झाली. सी, एफ, पुन्हा सी. लोक शिड्यांकडे सरकू लागले. साहेबांनी अध्यक्षबाईंकडे बघून जरा हसल्यासारखं केलं. जी जवळ आली. मी शिट्टीच्या हाताकडे पाहत होते. तो हात जीच्या दारापर्यंत गेला आणि तिथे थबकला. शिट्टीने पाण्याकडे पाहिलं, नेमकं कुठे ते मी सांगायला नको, आणि हात वर सरकला. साडू आला.

पुढे जे झालं ते पहिल्या संध्याकाळसारखंच, पण अधिक वाईट, कारण समोर वाजत असलेलं टेपपेक्षा जास्त ओढतं. माणसं चढली, उतरली, पुन्हा चढली. शिंप्याने या वेळी शहाणपणाने शिडीच्या मधल्या पायरीवर बैठक मारली. अध्यक्षबाईंनी साहेबांना विचारलं की हा काय व्यायामाचा वर्ग आहे का. साहेबांनी डोळे मिटले होते. गाणं एका पाहुणीकडून दुसरीकडे जात राहिलं आणि मला, ज्या मला एक सूर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही, त्या मलाही वाटलं की हे फार सुंदर आहे आणि आता कृपा करून संपावं.

मग शेवटची कॉर्ड आली. ई, ए, बी, डी. घराचा माळा. शिट्टीने तार न सोडता ती तशीच धरून ठेवली. सूर तलावावर तरंगत राहिले. सगळे जिथल्या तिथे थांबले, काही शिडीवर, काही पाण्यात, न्यायाधीश एक हात वर करून, म्हणजे निकाल द्यायच्या तयारीत. शिट्टीचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही कळत होतं की संपलेलं नाही, आणि संपवणं त्याच्या हातात नाही.

चष्मेवाल्यांना थंडी वाजत होती. त्यांनी नंतर सांगितलं की आपण दुसरं काहीही मनात आणलं नव्हतं, फक्त पाठ आखडली होती आणि बाहेर पडायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि खोल, जाड, पोटातून आलेल्या आवाजात एकच सूर लावला. सी.

तो आवाज पाण्यातून आला. माझ्या हातातली रिकामी बाटली घुमली. वरचे चार सूर होते तसेच होते, पण आता त्यांच्याखाली घर होतं. तलावातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, दिवसभराचे घट्ट बूट काढल्यावर सोडतात तसा. न्यायाधीशांनी वर केलेला हात खाली घेतला. आणि मग कोणी काही न सांगता, न ढकलता, सगळे शिड्या चढून बाहेर आले, टॉवेल उचलले आणि निघाले. अध्यक्षबाईंनीही पर्स खांद्याला लावली आणि पाहणी अर्धी टाकून त्यांच्याबरोबर चालू लागल्या. दोन डाव्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा पाणी रिकामं होतं. मी खाली वाकून बाटली भरली.

चष्मेवाले टॉवेलने कान पुसत उंच खुर्चीखाली येऊन उभे राहिले.

"तू घर सोडून सगळं वाजवतोस," ते म्हणाले.

"ते तुमचं काम ना," शिट्टी वरून म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"माझंच. पहिला आला त्याने माझे सूर वाजवले, दुसऱ्यानेही माझेच वाजवले. मी उभा राहून काय हवा खायची?" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "उद्या ये. आणि इथे मात्र साधं वाजव. मला पाठीचा त्रास आहे."

शिट्टी खुर्चीवरून उतरताना शेवटची पायरी चुकला आणि गिटार डोक्यावर धरून पाण्यात पडला. गिटार कोरडी राहिली. त्याला वर काढायला जीवरक्षक नव्हता, म्हणून मीच काठावरून हात देऊन काढलं.

साहेबांनी त्याची नोकरी ठेवली. शनिवारी सकाळी आमच्या न्हाणीघरात शिट्टी आणि चष्मेवाले असे दोघं जण बसले आणि नवी टेप तयार झाली, तिच्यात सगळे साडू तसेच आहेत, पण शेवटी चष्मेवाल्यांचा सी आहे. माझ्या नवऱ्याची आंघोळ त्याही दिवशी राहिली. पाटीवर साहेबांनी स्वतः रंगाने एक ओळ वाढवली: 'गाणे संपले किंवा नाही हे व्यवस्थापक ठरवतील.' न्यायाधीश तिला आव्हान देण्याच्या विचारात आहेत.

संध्याकाळी आम्ही कॉफीच्या दुकानात गेलो. तलावावरचे सगळे शिट्टीला ऐकायला आले होते. कोरडे आणि पूर्ण कपड्यांत असल्यामुळे एकमेकांना ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. शिंपी होता, साहेब होते, अध्यक्षबाई आपल्या स्वतःच्या चपला घालून आल्या होत्या. दुकानात बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत माझा नवरा, मी, ताई आणि दाजी. शिट्टी त्या खुर्चीवर बसला. मी त्याला इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं गाणं कुठलं होतं मला माहीत नाही, पण तलावावरचं नव्हतं. शिट्टीने हवे तेवढे साडू बसवले, माळा काठोकाठ भरला, आणि बेस खालून चालत राहिला. लोक खरोखर जागचे हलले नाहीत. मग शेवटची कॉर्ड आली, घरमालकाशिवायची, आणि तिच्याखाली चष्मेवाल्यांनी जाड तारेवर सावकाश तो एक सूर ठेवला.

सगळं दुकान उठलं. शिंप्याने खुर्चीच्या पाठीवर टॉवेल शोधला, सापडला नाही, तरी निघाला. न्यायाधीश, साहेब, अध्यक्षबाई, एकामागून एक, अजिबात न ढकलता, दारातून बाहेर पडले. टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचलं नाही. दार बंद झालं.

चष्मेवाले बेसला टेकून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. उरलो होतो आम्ही चौघं, ज्यांना गाणं संपताच निघायची सवय नव्हती: मध्ये आम्ही दोघी बहिणी आणि दोन टोकांना दोन साडू. दाजींनी पुढे वाकून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत यंत्रांखेरीज त्याला काही विचारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"संपलं का हो?"

माझ्या नवऱ्याने थोडा विचार केला आणि तो नाही म्हणाला. शिट्टीने दुसरं गाणं सुरू केलं.